हर्रास ते निविदा : हिंगोली परिसराच्या संदर्भात नगरखरेदीतील स्पर्धा-नियमांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

नगरपरिषदेने पाण्याचा पंप घ्यावा, रस्त्यावरचे दिवे घ्यावेत किंवा नालीचे बांधकाम करून घ्यावे, यासाठी निविदा मागविणे आज इतके स्वाभाविक वाटते की या पद्धतीलाही इतिहास आहे याचा सहसा विसर पडतो. वृत्तपत्रातील जाहीर सूचना, मोहोरबंद लखोटा, बयाणा रक्कम, तुलनात्मक तक्ता आणि कार्यारंभ आदेश ही साखळी एका दिवसात तयार झालेली नाही. तिच्यातील प्रत्येक कडी कोणत्या तरी जुन्या अविश्वासातून घडलेली आहे. हा अविश्वास कोणाविषयी होता, तो कोणी व्यक्त केला आणि त्यातून घडलेला नियम हिंगोलीसारख्या लहान नगरापर्यंत कसा पोहोचला, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ व सेनगाव हे त्याचे पाच तालुके होत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ असून त्यांपैकी नागरी लोकसंख्या सुमारे १५ टक्के होती. म्हणजे येथील नगरे मोजकी आणि लहान आहेत. स्पर्धात्मक निविदेचा नियम मात्र मुंबईसारख्या महानगरात, असंख्य व्यापारी व कंत्राटदार असलेल्या बाजारपेठेत घडला. मोठ्या बाजारासाठी घडलेला नियम लहान बाजारात लागू झाला म्हणजे त्याचे काय होते, हा या लेखातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

शब्दांतून दिसणारा इतिहास

मराठवाड्यात लिलावाला आजही ‘हर्रास’ म्हणतात आणि कंत्राटदाराला ‘गुत्तेदार’. पश्चिम महाराष्ट्रात त्याच अर्थाने ‘लिलाव’, ‘मक्तेदार’, ‘ठेकेदार’ हे शब्द रूढ आहेत. हर्रास हा अरबी मुळाचा शब्द निजामी राजवटीच्या कारभारी भाषेतून आला, तर गुत्ता हा शब्द तेलुगू-कन्नड शेजारातून. या दोन शब्दांत हैदराबाद संस्थानाचा त्रिभाषिक वारसा तर दिसतोच, शिवाय एक महत्त्वाची बाबही लक्षात येते. हे दोन्ही शब्द मुळात खरेदीचे नव्हेत. सरकारने काही विकत घेताना नव्हे, तर उत्पन्नाचा हक्क विकताना ते वापरले जात. ताडी-दारूचा गुत्ता असो वा बाजारवसुलीचा हर्रास, त्यात सर्वांत चढी बोली बोलणारा जिंकत असे.

चढ्या बोलीची ही परंपरा महसुलातही होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात पेशवाईतील मामलती सर्वाधिक रक्कम कबूल करणाऱ्यास मक्त्याने दिल्या जात आणि तो मक्ता पुढे खालच्या पातळीवर पुन्हा विकला जाई, असे एल्फिन्स्टन यांनी १८१९ च्या आपल्या अहवालात नोंदविले आहे. निजामाच्या मुलुखातही महसुलाची मक्तेदारी बोकाळली होती. १८५३ मध्ये दिवाणपदी आलेल्या पहिल्या सालारजंगांनी ती टप्प्याटप्प्याने मोडून काढली आणि १८६५ च्या जिल्हाबंदीने पगारी अधिकाऱ्यांची व्यवस्था उभी केली. स्पर्धा होती म्हणून रयतेचे हित झाले, असा अनुभव या काळाने दिलेला नाही. मक्तेदारांत चुरस जितकी अधिक, तितका रयतेवरील भार अधिक, अशीच स्थिती होती. स्पर्धा स्वतः गुणकारी नसते. ती कोणत्या दिशेने आणि कोणाच्या देखरेखीखाली चालते यावर तिचा परिणाम ठरतो, हा पहिला धडा येथे मिळतो.

हिंगोलीची छावणी आणि स्पर्धेविना झालेला करार

एकोणिसाव्या शतकात हिंगोली हे निजामाच्या खर्चाने आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणाऱ्या फौजेचे, म्हणजे पुढे ‘हैदराबाद कंटिंजंट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या सैन्याचे, एक ठाणे होते. या फौजेच्या पगाराचा प्रश्न भारतातील सार्वजनिक कराराच्या इतिहासात एका मोठ्या वादाला कारण झाला. हैदराबादेतील विल्यम पामर आणि कंपनी या पेढीने फौजेच्या वेतनासाठी निजाम सरकारला पैसा पुरविण्याची व्यवस्था केली. देशी संस्थानिकांना कर्ज देण्यास युरोपियनांना कायद्याने मनाई होती. परंतु या पेढीला १८१६ मध्ये खास सवलत मिळाली. १८२० मध्ये ६० लाख रुपयांच्या कर्जाचा व्यवहार पुढे आला. पेढीतील एका भागीदाराचे गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांच्या कुटुंबाशी निकटचे संबंध होते.

१८२० च्या अखेरीस रेसिडेंट म्हणून आलेल्या चार्ल्स मेटकाफ यांनी या व्यवहाराला आक्षेप घेतला. अन्य कोणालाही कर्ज देण्याची मुभा नसल्याने व्याजाचा दर पडताळून पाहण्याचे साधनच सरकारकडे नव्हते, आणि व्यवहाराचा तपशीलही खुला नव्हता. अखेर १८२३ मध्ये कंपनी सरकारने उत्तर सरकार प्रांताबद्दल निजामाला द्यावयाच्या पेशकशीच्या मोबदल्यात पेढीचे देणे फेडले आणि पुढील वर्षी पेढी बुडाली. फौजेच्या खर्चाचा प्रश्न मात्र तेथे संपला नाही. १८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनीकडे सोपविला गेला, त्यामागे याच फौजेचा थकलेला खर्च होता. १९०३ मध्ये कंटिंजंट भारतीय सैन्यात विलीन झाले आणि छावणीचे गाव म्हणून असलेली हिंगोलीची ओळख मागे पडली.

पामर प्रकरण हा खरेदीचा व्यवहार नव्हता, हे मान्य केले पाहिजे. तरीही खरेदी-नियमांच्या मुळाशी असलेले तीन दोष त्यात स्पष्ट दिसतात : एकच पुरवठादार, निकटच्या संबंधाचा प्रभाव आणि गुप्तता. पुढील काळातील प्रत्येक निविदा-नियम या तीन दोषांपैकी एखाद्यावरचा उतारा म्हणूनच वाचता येतो.

मुंबईतील नियमाची घडण

नगरप्रशासनात या उताऱ्याची बांधणी मुंबईत झाली. १८६५ च्या कायद्याने मुंबईचा कारभार एका आयुक्ताच्या हाती एकवटला होता. आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी शहराच्या स्वच्छतेचे व बांधकामाचे मोठे काम केले, परंतु खर्च हाताबाहेर गेला. १८७१ मध्ये करदात्यांनी त्याविरुद्ध आवाज उठविला आणि तरुण फिरोजशहा मेहता यांनी या वादात लोकनियुक्त प्रतिनिधींची बाजू मांडली. त्यातून १८७२ चा कायदा झाला. योगायोग असा की, त्याच १८७१ साली न्यूयॉर्कमध्ये नगरकंत्राटांतून लूट करणारी ‘ट्वीड टोळी’ उघडकीस आली होती. दोन्ही प्रकरणे एकाच मापाने मोजता येणार नाहीत. क्रॉफर्ड यांच्यावरील मुख्य ठपका उधळपट्टीचा होता, तर न्यूयॉर्कमध्ये उघड चोरी होती. परंतु दोन्ही शहरांत करदात्यांनी विचारलेला प्रश्न एकच होता : आमचा पैसा कोणाला, किती आणि का दिला, हे आम्हांस कळणार कसे?

१८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने या प्रश्नाला कायद्याच्या भाषेत उत्तर दिले. ठरावीक रकमेपेक्षा अधिक खर्चाचे काम वा पुरवठा असल्यास करार करण्यापूर्वी किमान सात दिवस आधी स्थानिक वृत्तपत्रांत जाहिरात देऊन निविदा मागवाव्यात, असे बंधन आयुक्तावर आले. याच तरतुदीतील पुढील दोन भाग अधिक अर्थपूर्ण असूनही दुर्लक्षिले जातात. एक, आयुक्त कोणतीही निविदा स्वीकारण्यास बांधलेला नाही. सर्व परिस्थिती विचारात घेता जी सर्वाधिक लाभदायक वाटेल ती त्याने स्वीकारावी. दोन, निविदा न मागविता करार करण्याची मुभा स्थायी समिती देऊ शकते, मात्र त्याची कारणे तिने आपल्या इतिवृत्तात नोंदविली पाहिजेत.

म्हणजे मूळ नियमात ‘सर्वांत कमी दर’ हा शब्दप्रयोग निर्णायक नव्हता. नियमाचा गाभा जाहीर सूचना, सारासार निर्णय आणि लेखी कारण या तीन गोष्टींत होता. अधिकाऱ्याच्या विवेकावर विश्वास ठेवलेला होता, पण तो विवेक उजेडात वापरण्याची अट होती. पुढे लेखापरीक्षणाच्या धाकाने न्यूनतम दर हाच सुरक्षित दर मानला जाऊ लागला, कारण न्यूनतम निविदा स्वीकारणाऱ्यास कारण द्यावे लागत नाही. इतर कोणतीही निविदा स्वीकारणाऱ्यास मात्र द्यावे लागते. नियमाचा अर्थ असा व्यवहारात बदलत गेला.

हैदराबाद संस्थानाकडून महाराष्ट्राकडे

ब्रिटिश मुलुखात नगरपालिकांची ही वाढ होत असताना मराठवाड्याची वाट वेगळी होती. संस्थानातील जिल्हा व तालुका पातळीवरील स्थानिक मंडळे प्रामुख्याने सरकारी अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली चालत. मुंबईत १८७१ नंतर करदाता आणि आयुक्त यांच्यात जो संघर्ष झाला, तसा संघर्ष येथे घडण्यास आवश्यक असलेले लोकनियुक्त व्यासपीठच नव्हते. कापसाची पेठ म्हणून हिंगोलीचे नाव असले, तरी तेथील व्यापाऱ्याला नगराच्या हिशेबावर प्रश्न विचारण्याचा हक्क फारसा नव्हता.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाल्यावर ही स्थिती बदलू लागली. १९५६ चा हैदराबाद जिल्हा नगरपालिका अधिनियम झाला, त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा घटक बनला. काही वर्षे राज्याच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळे नगरपालिका कायदे चालू होते. पश्चिम महाराष्ट्रात १९०१ व १९२५ चे मुंबईचे कायदे, विदर्भात १९२२ चा मध्यप्रांत-वऱ्हाडचा कायदा आणि मराठवाड्यात १९५६ चा हैदराबादचा कायदा, अशी ती स्थिती होती. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपालिका अधिनियमाने ही विविधता संपविली. तो १९६७ पासून अमलात आला आणि १९७१ च्या लेखासंहितेने अंदाजपत्रक, देयके, साठा व कामांच्या नोंदी यांची रीत घालून दिली. १९३० च्या मुंबई स्थानिक निधी लेखापरीक्षा कायद्याची परंपराही याच मार्गाने येथील नगरांना लागू झाली.

याचा अर्थ असा की, मुंबईने सुमारे शंभर वर्षांच्या वादविवादातून मिळविलेला नियम हिंगोली, वसमत व कळमनुरी या नगरांना तयार स्वरूपात मिळाला. नियम आला, परंतु त्यामागील वादाची आठवण आली नाही. नियमाचे कलम नकलून घेता येते. तो नियम का हवा, याची सार्वजनिक जाणीव नकलून घेता येत नाही.

न्यायालयांनी दिलेला आधार

स्वातंत्र्योत्तर काळात या नियमाला संविधानाचा आधार मिळाला. या दृष्टीने १९७९ मधील रमण दयाराम शेट्टी प्रकरण महत्त्वाचे ठरते. मुंबई विमानतळावरील उपाहारगृहासाठी निविदा मागविताना पाच वर्षांच्या अनुभवाची व विशिष्ट दर्जाच्या नोंदणीची अट घातली होती. ती अट पूर्ण न करणाऱ्यास काम देण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, शासकीय संस्थेने स्वतः घातलेल्या अटी तिच्यावरही बंधनकारक असतात. अट शिथिल होणार हे माहीत असते तर इतरांनीही निविदा भरली असती, म्हणून असा व्यवहार समतेच्या तत्त्वाशी विसंगत आहे. विलंबासारख्या कारणांमुळे तक्रारदाराला प्रत्यक्ष दाद मिळाली नाही, पण तत्त्व कायम झाले. १९९४ च्या टाटा सेल्युलर प्रकरणाने न्यायालयाची मर्यादाही आखून दिली : न्यायालय निर्णयाची प्रक्रिया तपासते, निर्णयाच्या शहाणपणावर अपील ऐकत नाही.

या निकालांमुळे स्पर्धेचा अर्थ विस्तारला. पूर्वी निविदा म्हणजे नगराचा पैसा वाचविण्याचे साधन होते. आता ती नागरिकाच्या समान संधीचाही प्रश्न बनली. पैसा वाचविणे आणि संधी समान ठेवणे हे दोन हेतू बहुधा एकत्र नांदतात, पण नेहमीच नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम विभाग व जिल्हा परिषदांच्या विशिष्ट मर्यादेतील कामांचे वाटप सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुली निविदा यांत ३३:३३:३४ या प्रमाणात करण्याची रीत पडली, ती या ताणाचे उत्तम उदाहरण आहे. येथे शासनाने जाणीवपूर्वक स्पर्धेचे क्षेत्र आखडते घेतले, कारण निखळ दरस्पर्धेत नवख्याला व मजुराला शिरकावच मिळत नाही, हे त्याने ओळखले होते.

लहान बाजारातील मोठा नियम

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लहान नगरात विशिष्ट कामाचे पात्र पुरवठादार दोन-तीनच असतात आणि ते एकमेकांस ओळखतात. निविदा मागविल्यावर पहिल्या खेपेस किमान तीन पात्र निविदा याव्यात, अन्यथा फेरनिविदा काढावी, अशी प्रचलित रीत आहे. जेथे तीन स्पर्धक मुळातच नाहीत, तेथे ही रीत तीन लखोटे निर्माण करते, तीन स्पर्धक नव्हे. एकाने काम घ्यावे व इतर दोघांनी चढे दर भरून साथ द्यावी, अशी सांगड राज्यातच काय, जगभर लहान बाजारांत आढळते. २००२ च्या स्पर्धा अधिनियमाने निविदांतील संगनमत बेकायदा ठरविले आणि त्या तरतुदी २० मे २००९ पासून अमलात आल्या. पण नाली-दुरुस्तीच्या निविदेपर्यंत दिल्लीतील आयोगाची नजर पोहोचणे कठीण आहे.

दुसरी अडचण रकमेच्या मर्यादेची. मर्यादा घातली की तिच्या खाली राहण्यासाठी कामाचे तुकडे पाडण्याचा मोह निर्माण होतो. १ डिसेंबर २०१६ च्या राज्य शासनाच्या खरेदी नियमपुस्तिकेत ई-निविदेसाठी ३ लाख रुपयांची मर्यादा होती. २०२१ मध्ये ती १० लाख करण्यात आली. महागाई पाहता मर्यादा वाढणे अटळ असते. परंतु ज्या नगरात बहुतांश खरेदी लहान रकमांचीच असते, तेथे मर्यादा वाढली की खुल्या स्पर्धेच्या कक्षेबाहेर जाणारा हिस्सा महानगराच्या तुलनेत मोठा असतो.

तिसरी अडचण न्यूनतम दराची. समजा, नगराला पाणीपुरवठ्यासाठी पंप घ्यावयाचा आहे. एक पंप ४ लाखांचा असून १८ किलोवॉट वीज घेतो. दुसरा ४ लाख ६० हजारांचा असून तेवढेच पाणी १५ किलोवॉटमध्ये उचलतो. रोज १२ तास पंप चालल्यास वर्षाला १३,१४० युनिटांचा फरक पडतो. प्रतियुनिट ७ रुपये धरल्यास ही बचत सुमारे ९२ हजार रुपये होते. म्हणजे महाग पंपाचा जादा खर्च आठ महिन्यांच्या आत भरून निघतो. तरीही निविदेत केवळ किमतीची तुलना असेल, तर स्वस्त पंपच निवडला जाईल आणि त्याची किंमत नागरिक पुढील दहा वर्षे पाणीपट्टीतून भरत राहतील. १८८८ च्या कायद्यातील ‘सर्व परिस्थिती विचारात घेता सर्वाधिक लाभदायक’ ही शब्दरचना किती दूरदर्शी होती, हे येथे ध्यानात येते.

ई-निविदेने यांतील काही अडचणी निश्चितच कमी केल्या. निविदापत्र विकत घेण्यासाठी कार्यालयात जावे लागत नाही, त्यामुळे दारातच स्पर्धकास अडविण्याचा प्रकार थांबला. २०१६ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ई-बाजारपेठेचा राज्याने २०१७ मध्ये स्वीकार केला आणि प्रमाणित वस्तूंसाठी पुरवठादारांचे क्षेत्र देशभर विस्तारले. बल्ब, संगणक, कागद यांबाबत हा लाभ खरा आहे. मात्र नाली, रस्ता वा जलवाहिनी यांची बांधणी दूरच्या शहरातून होत नाही. त्यासाठी माणसे, यंत्रे व साहित्य जवळच असावे लागते. ई-निविदेने लखोटा अदृश्य केला, बाजार मात्र होता तेवढाच राहिला.

याशिवाय नियमाची रचना दोन हातांवर उभी होती : प्रस्ताव मांडणारा अधिकारी आणि त्याला कारण विचारणारी लोकनियुक्त समिती. २०२१-२२ नंतर काही वर्षे राज्यातील अनेक नगरपरिषदांचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. त्या काळात प्रस्ताव आणि मंजुरी एकाच टेबलावर होत असल्याने, कारण विचारणारा हात नियमात असूनही व्यवहारात नव्हता. १८७१ मध्ये मुंबईच्या करदात्यांनी ज्या रचनेवर आक्षेप घेतला होता, तिच्याशी या स्थितीचे साम्य विचार करायला लावणारे आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, स्पर्धात्मक निविदा ही केवळ स्वस्त खरेदीची युक्ती नाही. करदात्यांच्या अविश्वासातून जन्मलेली ती उत्तरदायित्वाची पद्धत आहे. दुसरा, मराठवाड्यात हा नियम लोकसंघर्षातून न येता कायद्याच्या एकीकरणातून आला, म्हणून त्याचे बाह्यरूप रुजले, पण सार्वजनिक पहारा त्या प्रमाणात रुजला नाही. तिसरा, लहान नगरांत निविदांची संख्या मोजून स्पर्धा सिद्ध होत नाही. तेथे लगतच्या नगरपरिषदांनी समान वस्तूंची एकत्रित खरेदी करणे, मागील वर्षांचे प्रत्यक्ष दिलेले दर प्रसिद्ध करणे आणि आयुर्मानातील एकूण खर्चावर निवड करणे हे अधिक परिणामकारक ठरेल. चौथा, न्यूनतम निविदा नाकारताना जसे लेखी कारण द्यावे लागते, तसेच एकमेव किंवा नेहमीच्याच निविदाकाराची निविदा स्वीकारतानाही कारण नोंदविण्याची सक्ती असावी.

या विषयात महाविद्यालयांनाही काम आहे. महाराष्ट्राचा २००२ चा व त्यानंतर केंद्राचा २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आल्यापासून नगरपरिषदेचे ठराव, तुलनात्मक तक्ते आणि लेखापरीक्षण अहवाल नागरिकास पाहता येतात. वाणिज्य, इतिहास व राज्यशास्त्र विभागांनी आपल्याच नगराच्या दहा वर्षांच्या खरेदीचा अभ्यास विद्यार्थ्यांकडून करून घेतल्यास, मुंबईला १८७१ मध्ये जो प्रश्न पडला होता तो येथेही विचारला जाईल. हर्रासाच्या वेळी बोली सर्वांदेखत पुकारली जात असे, एवढा एक गुण त्या जुन्या रीतीत निश्चित होता. निविदेच्या बंद लखोट्याला तो गुण वाचणाऱ्या नागरिकांकडूनच लाभू शकतो.